जवारी म्हणजे किती जुनं?

कोल्हापुरात भाजी घेताना विचारायचा एक ठरलेला प्रश्न आहे: "जवारी हाय काय?" पुण्या-मुंबईकडच्या वाचकांसाठी सांगतो, जवारी म्हणजे गावरान, देशी, आपल्याकडचं. कोंबडी जवारी, कोथिंबीर जवारी, काकडी जवारी, टोमॅटोसुद्धा जवारी. सीमेपलीकडे बेळगाव-धारवाडलाही हा शब्द असाच चालतो. जवारी माल आकाराने लहान, दिसायला ओबडधोबड आणि भावाने चढा असतो, तरी आमच्या कसबा बावड्यात लाईन बाजारच्या भाजीवाल्या मावशींकडे तो आधी संपतो. घरात पाहुणे येणार असतील तर आई मला बजावून पाठवते, "जवारी बघून आण, नायतर आणू नको."

मी सॉफ्टवेअरमधला माणूस. एखाद्या जुन्या प्रणालीत कुठली ओळ कधी आणि कुणी घातली, हे मागे मागे जाऊन शोधायचं, हे माझं रोजचं काम. तोच नाद भाज्यांच्या बाबतीत लागला आणि जवारी या शब्दाकडे जरा संशयाने बघायला लागलो. कारण या बिरुदाखाली विकल्या जाणाऱ्या निम्म्याअधिक गोष्टी पाचशे वर्षांपूर्वी या खंडावर नव्हत्याच. त्या कधी आल्या याच्या तारखा पुस्तकांत मिळतात. त्या आपल्या कशा झाल्या, हा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण आजही बाजारात नव्या भाज्या येतातच आहेत आणि त्यांचं पुढे काय होणार हे त्यावरच ठरणार आहे.

मिरी आणि मिरची

सुरुवात कोल्हापूरकराच्या नाकाला झोंबेल अशा गोष्टीपासून करू. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने इसवी सन ११३०च्या सुमारास 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ रचला. तेव्हा कोल्हापुरावर चालुक्यांचे मांडलिक शिलाहार राज्य करत होते. म्हणजे हा ग्रंथ आमच्याच मुलखाचा. त्यात राजाच्या जेवणाचा मोठा भाग आहे: मांडे आहेत, वडे आहेत, मासे-मटण आहे. मिरची मात्र नाही. तिखटपणा यायचा तो मिरी आणि आल्यामधून. बटाटा नाही, टोमॅटो नाही, शेंगदाण्याचं कूट नाही. आज ज्याला आम्ही तांबडा रस्सा म्हणतो, त्यातला तांबडेपणाच त्या काळच्या कोल्हापुरात नव्हता.

मिरची अमेरिका खंडातली. कोलंबस १४९२ मध्ये तिकडे पोहोचला, वास्को द गामा १४९८ मध्ये कालिकतला उतरला, पोर्तुगिजांनी १५१० मध्ये गोवा घेतला. मिरची त्यांच्या गलबतांतून आली आणि इतक्या झपाट्याने पसरली की युरोपातले लोकही गोंधळले. लिओनहार्ट फुक्स या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने १५४२ च्या आपल्या ग्रंथात मिरचीला 'कालिकतची मिरी' म्हटलं आहे. अमेरिकेतून निघालेल्या रोपाला पन्नास वर्षांत हिंदुस्थानी ठरवलं गेलं होतं! उत्तरेत तिला वेळ लागला. अकबराच्या दरबारची बारीकसारीक नोंद ठेवणाऱ्या 'आईन-ए-अकबरी'तल्या पाककृतींत सोळाव्या शतकाच्या अखेरीसही मिरीच आहे. मराठी फौजांबरोबर मिरची उत्तरेकडे सरकली, असं मत काही अभ्यासक मांडतात.

नावातही हा इतिहास राहिला आहे. नवी वस्तू आली, ती मिरीसारखी झोंबली, म्हणून ती मिरची झाली. आपण नव्या गोष्टीला जुन्या गोष्टीच्या नात्यात बसवून घेतलं.

हे इतकं बेमालूम झालं की संतांच्या नावावरच्या अभंगातही मिरची येऊन बसली. अरणचे सावता माळी हे तेराव्या शतकातले. आपल्या मळ्यातल्या कांद्या-मुळ्यात विठ्ठल पाहणारा त्यांचा अभंग सगळ्यांना पाठ आहे, आणि आज जो म्हटला जातो त्यात मिरचीचंही नाव आहे. आज आपण जिला मिरची म्हणतो ती तेराव्या शतकात या भूमीवर असणं शक्य नाही. माझा अंदाज असा, की पिढ्यानपिढ्या अभंग गाणाऱ्यांनी स्वतःच्या मळ्यातलं पीक त्यात घातलं असावं. याने अभंगाचं काही कमी होत नाही. उलट, मिरची किती घरची झाली होती याचा याहून चांगला पुरावा सापडणार नाही.

आणि आज? गडहिंग्लजच्या बाजारात जिचे सौदे होतात, जिला चढा भाव मिळतो, त्या संकेश्वरी मिरचीला आमच्याकडे म्हणतात जवारी मिरची.

महाबळेश्वरचे चिनी कैदी

मिरचीला वाट सोपी मिळाली, कारण मिरीची जागा तयार होती. बटाट्याचं तसं नव्हतं. त्याचं नाव पोर्तुगीज 'बताता'वरून आलं, आणि तो शब्द मुळात कॅरिबियन बेटांवरच्या लोकांचा, रताळ्यासाठीचा. थॉमस रो या इंग्रज वकिलाबरोबर आलेल्या एडवर्ड टेरी या पाद्र्याने एका मोगल मेजवानीत बटाटे खाल्ल्याचं लिहून ठेवलं आहे, पण ती रताळी असावीत असं बरेच इतिहासकार मानतात. एकाच शब्दात दोन कंद अडकलेले असले की असं होतं.

आमच्या बाजूला बटाटा रुजण्याची एक वाट सातारा जिल्ह्यातून जाते. मुंबईचा गव्हर्नर जॉन माल्कम याच्या काळात, १८२८-२९ च्या सुमारास, महाबळेश्वर हे साहेबांचं थंड हवेचं ठिकाण झालं. तिथे एक तुरुंग बांधला गेला आणि त्यात पिनांग-सिंगापूरकडून काळ्या पाण्याच्या शिक्षेवर आलेले चिनी आणि मलय कैदी ठेवले. त्यांना मळ्यांवर कामाला लावलं गेलं. इंग्रजांच्या जेवणासाठी बटाटा आणि इतर विलायती भाज्या ते पिकवत. १८६४ मध्ये तुरुंग बंद झाला. तोवर आजूबाजूच्या लोकांनी बटाट्याची लागवड आणि वेताच्या टोपल्या विणणं या दोन्ही गोष्टी त्यांच्याकडून उचलल्या होत्या.

महाबळेश्वरला सहलीला गेलो की आपण पॉइंट बघतो, स्ट्रॉबेरी खातो, मक्याची कणसं चघळतो. दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातला कंद, पोर्तुगिजांनी दिलेलं नाव, इंग्रजांची भूक आणि चिनी कैद्यांचे हात एवढं सगळं सह्याद्रीच्या एका पठारावर एकत्र आलं, तेव्हा कुठे आपल्या भाजीत बटाटा पडला. यात कुणीही "चला, नवी भाजी करून बघू" असं हौसेने म्हटलेलं नाही. सक्ती, व्यापार आणि पोट या तिघांनीच काम केलं.

फ्लॉवरची गोष्ट जरा सरकारी आहे. त्याचं बी १८२२ मध्ये इंग्लंडहून सहारनपूरच्या कंपनी बागेत आलं असं बागायतीच्या पुस्तकांत असतं. थंड हवेतलं ते पीक. आपल्या उन्हाळ्यात त्याला गड्डा धरवत नव्हता. पुढच्या शे-दीडशे वर्षांत इथल्या शेतकऱ्यांनी ज्या झाडांनी उष्ण, दमट हवेतही गड्डा धरला त्यांचंच बी राखलं, पुन्हा पेरलं, पुन्हा निवडलं. त्यातून वीस-पंचवीस अंश तापमानातही येणारा फ्लॉवर तयार झाला, आणि आज शास्त्रज्ञ त्याला 'भारतीय फ्लॉवर' असा वेगळा गटच मानतात.

एकादशीचं ताट

परकी भाजी आपली झाली हे कधी म्हणायचं? माझ्या मते ती उपवासाला चालायला लागली की.

आमच्या घरच्या एकादशीच्या ताटात साबुदाण्याची खिचडी असते. तिच्यात बटाटा, शेंगदाण्याचं कूट, हिरवी मिरची. बाजूला रताळ्याच्या गोड फोडी. साबुदाणा निघतो कसाव्याच्या कंदापासून, आणि कसावा ब्राझीलकडचा. बटाटा, शेंगदाणा, मिरची, रताळं हे सगळं अमेरिकेकडचं. साबुदाणा पूर्वी आग्नेय आशियातून, साबूच्या ताडापासून केलेला यायचा. दुसऱ्या महायुद्धात ती आवक तुटली आणि तमिळनाडूत सेलमच्या आसपास कसाव्यापासून साबुदाणा करणारे कारखाने १९४० च्या दशकात वाढले. म्हणजे विठ्ठलाच्या नावाने आपण जे खातो, त्यातलं जिरं, तूप आणि मीठ सोडलं तर जवळजवळ सगळं समुद्रापलीकडचं.

यावर हसणं सोपं आहे, पण त्यामागे एक तर्कही आहे. उपवासाला धान्य वर्ज्य, कंद चालतात, असा जुना नियम. नव्या कंदांचं नाव वर्ज्यांच्या यादीत असणार कुठून? यादीत नाही म्हणजे चालतं. टोमॅटो मात्र तितकाच परका असून बाहेर राहिला, कारण तो ना कंद ना मूळ. शिवाय तो लाल. आज्जी सांगायची की तिच्या सासूबाई टोमॅटो आणि बीट घरात येऊ देत नसत, चिरल्यावर रक्तागत दिसतं म्हणून. आमच्या भागातल्या अनेक जैन घरांत जमिनीखालचं म्हणून बटाटा-कांदा आजही वर्ज्य आहे. तेव्हा 'आपल्या लोकांनी बटाटा स्वीकारला' असं सरसकट म्हणता येत नाही. प्रत्येक घराने आपापल्या नियमांच्या चाळणीतून तो आत घेतला किंवा बाहेर ठेवला.

नवी भाजी, जुनी फोडणी

नावांकडे पुन्हा बघू. शेंगदाणा आला, तो जमिनीखाली येतो, म्हणून भुईमूग. रताळं हे नाव जुन्या ग्रंथांतल्या 'रक्तालु' या कंदाचं, नव्याला दिलेलं. टोमॅटोचं मराठी नाव एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजी नोंदींत 'वेलवांगी' असं मिळतं. विलायती शेंग आली ती 'फ्रेंच बीन'ची फरसबी झाली. मुंबईत जी भोपळी मिरची, ती आमच्याकडे ढबू.

नावासारखंच रांधण्याचं. नवी भाजी नव्या पद्धतीने करून कुणी खाल्ली नाही. इटालियन माणूस टोमॅटोचं काय करतो हे आमच्या खापरपणजीला ठाऊक नव्हतं, आणि त्याची गरजही नव्हती. तिच्याकडे चार-पाच साध्या रीती होत्या: फोडणीत परतणं, डाळ घालून शिजवणं, पीठ पेरणं, भाजून भरीत करणं, कच्चं चिरून कांदा-तेलात घोळणा करणं. समोर आलेली अनोळखी भाजी यांतल्या कशात बसते एवढंच ती बघायची. ढबू मिरचीत पीठ पेरलं, टोमॅटोचं भाजून भरीत केलं, कोबीत हरभऱ्याची डाळ घातली. माझ्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर आतला भाग नवा, पण बाहेरच्या जगाशी बोलण्याची पद्धत जुनीच. त्यामुळे बाकीची प्रणाली मोडत नाही.

कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा' १९७० मध्ये आलं आणि घराघरांत गेलं. त्याचं मोठं कारण होतं वाटी आणि चमचा. तोळे-मासे नाहीत, अंदाज नाहीत. घरात असलेल्या वाटीने मोजा आणि करा. साधेपणामुळे माणूस अनोळखी पदार्थाला हात घालायला धजावतो.

घरून काम सुरू झाल्यापासून आठवड्यातून दोन दिवस स्वयंपाक माझ्याकडे आहे. बावड्यातल्या दुकानांत आता ब्रोकोली, झुकिनी, लाल कोबी सहज मिळतात. मोबाइलवरच्या पाककृतींत त्यांच्यासाठी ऑलिव्ह तेल, चीज आणि ओव्हन लागतो. मी खापरपणजीच्या वाटेने गेलो. झुकिनी दोडक्याच्या नात्यातली. भिजवलेली मूगडाळ, हिरवी मिरची, जिऱ्याची फोडणी, दहा मिनिटं. पाणी सुटतं तेवढ्यातच शिजते, वरून घालायचं नाही. ब्रोकोली, कोबी, फ्लॉवर आणि नवलकोल या वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने एकाच जातीच्या भाज्या. म्हणून ब्रोकोलीला लसणाची फोडणी, चिमूटभर कांदा-लसूण चटणी आणि शेवटी शेंगदाण्याचं कूट. तिचा दांडा लोक टाकून देतात. तो सोलून नवलकोलासारखा चिरला की त्याची वेगळी भाजी होते. लाल कोबीची दही घालून कोशिंबीर केली की ती जांभळट होते आणि भाचरं आवडीने खातात. आज्जीने ब्रोकोली पहिल्यांदा खाल्ली तेव्हा एवढंच म्हणाली, "फ्लॉवरच हाय की रं, हिरवा पडलेला." ती तिची संमती होती.

कुणाच्या हातचं

इथवरची गोष्ट सुखाची आहे: बाहेरचं येतं, आपण सामावून घेतो. पण बावड्यात राहून एवढ्यावर थांबता येत नाही.

राजर्षी शाहू महाराजांचा जन्म १८७४ मध्ये कसबा बावड्यातल्या लक्ष्मी विलास राजवाड्यात झाला. नव्या पिकांची त्यांना आवड होती. पन्हाळ्यावर त्यांनी चहा-कॉफीच्या लागवडीचे प्रयोग केले. पण चहाच्या संदर्भात कोल्हापूर त्यांना आठवतं ते वेगळ्या कारणाने. त्यांच्या पागेत कामाला असलेल्या गंगाराम कांबळे यांना, पाण्याच्या हौदाला शिवले म्हणून सवर्ण नोकरांनी मारहाण केली. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा दिली आणि कांबळ्यांना स्वतःचा धंदा काढायला मदत केली. भाऊसिंगजी रस्त्यावर त्यांचं चहाचं हॉटेल निघालं. लोक तिथे पाय ठेवेनात. मग महाराज फिरायला निघाले की गाडी त्या हॉटेलासमोर थांबवत, चहा मागवत, आणि बरोबरच्या मंडळींनाही तो घ्यावा लागे.

चहा तेव्हा नवाच पदार्थ होता. परदेशातली पत्ती लोकांनी घेतली होती. त्यांना नको होता तो शेजारच्या माणसाच्या हातचा पेला. मला हे फार बोचतं. सातासमुद्रापलीकडून आलेल्या मिरचीला आम्ही देव्हाऱ्यापर्यंत नेलं, संतांच्या अभंगात बसवलं. पण हजारो वर्षं याच मातीत राबलेल्या माणसाच्या हातचं पाणी चालत नव्हतं. भाजी चार पिढ्यांत जवारी होते. माणसाला तेवढ्या पिढ्या पुरल्या नाहीत. म्हणून 'आपलं' आणि 'बाहेरचं' यावर कुणी छाती पुढे काढून बोलायला लागलं, की मला ताटातली मिरची दाखवाविशी वाटते.

बी कुणाकडे आहे

मग जवारी म्हणजे नुसता भ्रम? तसं मला वाटत नाही. फ्लॉवरच्या गोष्टीत त्याचं उत्तर आहे. संकेश्वरी मिरची अमेरिकेतून आली हे खरं. पण चारशे वर्षं इथल्या बायाबापड्यांनी तिची चांगली फळं झाडावरच पिकवली, बी काढून राखेत घोळून गाडग्यात ठेवलं, पुढच्या पावसाळ्यात पेरलं. प्रत्येक वर्षी थोडी निवड झाली. सातारा जिल्ह्यात कोरेगावच्या वाघ्या घेवड्याला भौगोलिक मानांकन मिळालं आहे. राजम्याच्या जातीचं हे कडधान्य, त्याचंही मूळ अमेरिकेत. मानांकन मिळतं ते त्या मातीत त्याला आलेल्या गुणाला. जवारीपणा कुठून आलं यात नसतो. किती वेळा पेरलं आणि कुणी निवडलं यात असतो.

हीच साखळी गेल्या पन्नास वर्षांत तुटत आली आहे. १९७३ मध्ये बंगळुरूच्या एका कंपनीने संकरित टोमॅटो आणि संकरित ढबू मिरची बाजारात आणली. टोमॅटोच्या वाणाचं नाव 'कर्नाटक' आणि मिरचीच्या वाणाचं नाव 'भारत'. १९८८ च्या बियाणे धोरणानंतर परदेशी वाणांची वाटही मोकळी झाली. संकरित वाणाने उत्पन्न वाढलं, शेतकऱ्याच्या हाती चार पैसे आले, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण त्याचं राखलेलं बी पेरलं तर पुढची झाडं सारखी येत नाहीत, म्हणून दर हंगामाला पाकीट विकत घ्यावं लागतं. म्हणजे आज येणारी झुकिनी आपण कितीही मूगडाळ घालून खाल्ली तरी ती कायम पाहुणीच राहणार. अकोले तालुक्यातल्या राहीबाई पोपेरे यांना २०२० चा पद्मश्री जाहीर झाला, तो त्यांनी घरच्या घरी गावरान वाण जपले म्हणून. गाडग्यातलं बी हे एके काळी प्रत्येक घरातलं साधं काम होतं. त्यासाठी पद्मश्री द्यावा लागतो, यावरून ते किती दुर्मीळ झालं ते कळतं.

संकरित वाणाचं बी राखताच येत नाही असं मात्र नाही. पहिल्या पिढीत झाडं वाट्टेल तशी येतात; त्यातलं पटलेलं झाड निवडत सहा-सात हंगाम गेले की एक सरळ वाण हाती लागू शकतो. नदीपलीकडे वडणग्यात माझ्या मामांचा मळा आहे. त्यांनी चार वर्षांपूर्वी पाकिटातल्या ढबू मिरचीचं बी धरलं. पहिल्या वर्षी काही झाडांना लिंबाएवढी फळं आली, काही झाडं नुसतीच वाढली. शेजारच्या वाफ्यात साधी मिरची होती, तिचा परागही लागला असणार, कारण पुढच्या वर्षी काही ढबू तिखटजाळ निघाल्या. मामांनी उपटून टाकल्या नाहीत. त्यांतली एक, बुटकी, गडद हिरवी, जाड सालीची, ते गेले तीन हंगाम राखून आहेत. बाजारात तिला भाव नाही, आकारच नाही. मामी तिच्यात पीठ पेरून झुणका करते. पिठात वेगळी मिरची घालावी लागत नाही.